जीपचा टप

मराठी भाषेनें वाहनांच्या बाबतींत एक बारीक भेद फार काळजीपूर्वक जपून ठेवला आहे. हत्तीच्या पाठीवरची बैठक उघडी असली तर तो हौदा, आणि तिच्यावर छत असलें तर ती अंबारी. माणसांनीं खांद्यावरून नेण्याचें वाहन बाजूंनीं मोकळें असलें तर ती पालखी, आणि चहूंकडून बंद असलें तर तो मेणा. उघडें वाहन आणि झांकलेलें वाहन यांना आमच्या पूर्वजांनीं अशीं निरनिराळीं नांवें दिलीं. परंतु जें वाहन आज उघडें असतें आणि उद्यां झांकलेलें असतें, त्याचें काय? शेणखत आणि कडबा वाहणारी ती नुसती बैलगाडी. तिच्यावर वेळूच्या कमानी बांधून वरून कापड ताणलें आणि आंत गादी अंथरली, कीं तीच गाडी लेकी-सुनांना घेऊन यात्रेस निघते. परत आल्यावर कमानी उतरतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां शेणखत. अशा वाहनाचें वैशिष्ट्य वाहनाइतकेंच तें झांकणाऱ्या आणि उघडणाऱ्या माणसांत असतें. तशाच एका वाहनाच्या टपाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे हें आम्ही जाणतों. पण ज्या घरांत असें वाहन उभें असतें, त्या घराला तो तितका क्षुल्लक वाटत नाहीं.

हें वाहन म्हणजे आमच्या काकांची जीप. काका तिसगांवास राहतात. ज्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पण जुन्या माणसांच्या तोंडीं जें अजून नुसतें 'नगर' आहे, तेथून पाथर्डीच्या रस्त्यानें निघून करंजीचा घाट ओलांडला, कीं पुढें हें गांव लागतें. मढीच्या कानिफनाथाला आणि वृद्धेश्वराला जाणारे यात्रेकरू या रस्त्यानें जातात-येतात. येथूनच एक फांटा शेवगांवाकडे फुटतो. मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस सरासरीनें पांचशें-सहाशें मिलिमीटर, आणि त्यांतहि सप्टेंबरचा वांटा मोठा. म्हणजे गाडीवर टप पाहिजे तो चार महिने. उरलेले आठ महिने त्याची अडचणच अधिक.

जीप या वाहनाचा जन्म दुसऱ्या महायुद्धांतला. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेंतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्या सगळ्या उघड्या होत्या. समोरची कांच बॉनेटवर आडवी पडावी, टपाची घडी व्हावी, आणि गाडी झुडुपाआड दडावी अशीच त्यांची रचना. पुढें आपल्याकडे, १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि आज महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें स्वातंत्र्यानंतर मुंबईस विलीज जीपांची जोडणी सुरू केली, आणि हें लढाईचें वाहन पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यांपासून बागाइतदारांपर्यंत सर्वांच्या दारांत येऊन उभें राहिलें. नगर हें तर चिलखती दलाचें ठाणें. १९९४ सालीं उघडलेलें तेथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहण्यास शाळांच्या सहली येतात. लष्करानें निकालांत काढलेलीं वाहनें लिलावांत निघतात, आणि काकांची जीप अशाच एका लिलावांतून आमच्या घराण्यांत आली.

काकांचा मळा गांवापासून दीड कोसावर. जमीन काळी. पावसाळ्यांत ती वाट अशी चिकट होते, कीं मोटारसायकल तर सोडाच, पण पायींची वहाणहि पायांत राहत नाहीं. चारहि चाकांना जोर असलेली जीप मात्र धापा टाकीत कां होईना, निघून जाते. त्यामुळें आसपासच्या चार वस्त्यांवर रात्रीं-अपरात्रीं कोणाचें दुखलें-खुपलें, कोणाला सर्पदंश झाला, कोणाची सून अडली, कीं कंदील किंवा आतां मोबाइलचा दिवा काकांच्या अंगणांत येतो. उघड्या जीपमधून भर पावसांत बाळंतिणीस नेतां येत नाहीं. टपाची किंमत आम्हांस प्रथम कळली ती त्या प्रसंगांवरून.

काका त्याला 'हूड' म्हणतात. काकू 'टप' म्हणतात. तो मृगाच्या आधीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यांत चढतो, आणि दिवाळीनंतर उतरतो. वर्षभर तसाच कां ठेवीत नाहीं, असें शहरांतले पाहुणे विचारतात. याचें एक कारण असें, कीं सुगींत याच जीपमधून तुरीच्या पेंढ्या आणि कांद्याच्या गोणी वाहावयाच्या असतात, आणि टपाखालीं पेंढी उभी राहत नाहीं. दुसरें कारण ऊन. तिसगांवच्या उन्हाळ्यांत बाहेर राहिलेलें कापड चार वर्षांत विटतें आणि त्याच्याहि आधीं शिवणीचा दोरा कुजतो. टप फाटला असें आपण म्हणतों तेव्हां पुष्कळदां कापड शाबूत असतें. दोरा मात्र संपलेला असतो.

टप चढविण्याचा विधि असा. प्रथम कमानी. लोखंडी नळ्यांच्या या कमानी बाजूच्या खोबणींत उभ्या करून पेंच आवळावयाचे, पण अर्धेच. मग कापडाची घडी गाडीच्या मधोमध ठेवून उलगडावयाची, आणि तिची पुढची कड समोरच्या कांचेच्या चौकटीवर जी खांच असते तींत सरकवावयाची. ही कड एका टोकाला नीट बसली आणि दुसऱ्या टोकाला बोटभर मागें राहिली, तर पुढचें सगळें काम वांकडें जातें. मागचा पडदा एका बाजूस लोंबतो आणि दुसऱ्या बाजूची बटणें लागतच नाहींत. कड बसली, कीं दोघांनीं दोन बाजूंना उभें राहून कापड मागें ओढावयाचें. पट्टे बकलांत अडकवावयाचे, पण कोणताहि एक पट्टा एकदम आवळावयाचा नाहीं. आधीं सगळे सैल. मग डावीकडे एक भोंक, उजवीकडे एक भोंक, पुन्हां डावीकडे एक. चाकाचे नट जसे समोरासमोरचे आवळतात तसें. कापड सारखें बसलें म्हणजे मग कमानींचे पेंच पुरे पिळावयाचे, आणि बाजूचे पडदे व दारें सर्वांत शेवटीं लावावयाचीं.

येथें कापडाचा स्वभाव जाणणें अवश्य आहे. जुना टप सुती कॅन्व्हासचा होता. सूत भिजलें कीं फुगतें, वीण मिटते, आणि पाणी आंत येईनासें होतें. हा त्याचा गुण. पण त्याच फुगण्यानें कापड आंखडतें, म्हणून कोरडें असतांना तें तबल्याप्रमाणें ताठ ओढलें, तर पहिल्याच पावसांत टांके तुटतात. त्यास थोडा सैलपणा ठेवावा लागतो. रेग्झिनची रीत उलटी. तें थंडींत आंखडतें आणि कडक होतें, उन्हांत नरम पडतें. म्हणून तें दुपारीं बसवावें, सकाळच्या गारव्यांत ओढाताण करूं नये. आणि टप कोणताहि असो, मागचा पडदा उघडा ठेवून गाडी हांकूं नये. धांवत्या गाडीच्या मागें हवेचा दाब कमी होतो, आणि रस्त्याची धूळ व नळींतला धूर उलटे आंत ओढले जातात. पुढचें सगळें बंद आणि मागचें उघडें अशी गाडी, पूर्ण उघड्या गाडीपेक्षांहि अधिक धूळ खाते.

हें सर्व एकट्यानें होत नाहीं. काका चालकाच्या बाजूला, काकू डावीकडे. आम्ही लहानपणापासून हें काम पाहत आलों आहों आणि त्यांतलें संभाषण आम्हांस पाठ आहे. 

"तिकडून बरोबर आहे का गं?"

"थांबा. अजून बोटभर यायचं आहे."

"आतां?"

"आतां ओढा."

एवढें बोलणें होतें, आणि पट्टा एक भोंक पुढें सरकतो. असें आठ-दहा वेळां.

टप उतरविणें हें चढविण्याहून सोपें आहे असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें तें अधिक कठीण आहे. चढवितांना आकाशांत ढग असतात. माणूस पावसाच्या धाकानें नीट वागतो. उतरवितांना ऊन लख्ख पडलेलें असतें, धाक संपलेला असतो, आणि हात उतावीळ होतात. बटण ओढून काढलें जातें आणि त्याच्याबरोबर कापडाचा तुकडाहि येतो. वास्तविक चढविण्याचाच क्रम येथें उलट चालवावयाचा असतो: आधीं दारें, मग बाजूचे पडदे, मग मागचा पडदा, मग पट्टे एकेक भोंक सैल करीत, आणि समोरची कड सर्वांत शेवटीं. कमानींचे पेंच काढले कीं लगेच पुन्हां आपल्याच भोंकांत पिळून ठेवावयाचे. काकूंचा यासंबंधीं एक शिरस्ता आहे. सुटलेली प्रत्येक बारीकसारीक वस्तु, मग तें बकल असो, फिरकीचें बटण असो कीं पितळी कडी असो, ती बिस्किटांच्या एका जुन्या डब्यांत जाते, आणि तो डबा देवघराच्या फडताळांत राहतो. जूनमध्यें घरभर बटण शोधीत फिरण्याची पाळी आमच्या आठवणींत त्या घरावर आली नाहीं.

आणि यापुढचें काम सर्वांत दुर्लक्षिलें जाणारें: टप ठेवणें. टप आठ महिने दृष्टीआड असतो, आणि या आठ महिन्यांत जें त्याचें होतें तें मृगाच्या आदल्या दिवशीं कळतें, जेव्हां कळून उपयोग नसतो. पहिला नियम असा, कीं ओला टप घडी करूं नये. वरून कोरडा दिसला तरी शिवणींत आणि दुमडींत ओल राहते. तिच्यावर बुरशी येते, काळे ठिपके पडतात, आणि तेथें कापड पोकळ होतें. म्हणून आधीं साध्या पाण्यानें धुवून तो दोन दिवस सावलींत, वाऱ्यावर, दोन्ही अंगांनीं वाळवावयाचा. दुसरा नियम पारदर्शक खिडक्यांचा. धुळीनें भरलेली खिडकी कोरड्या फडक्यानें पुसली, कीं तिच्यावर कायमचे ओरखडे उठतात. आधीं पाणी ओतून धूळ वाहून जाऊं द्यावी. तिची घडी तर कधींच घालूं नये, कारण घडीच्या रेषेवरच ती पुढें तडकते. काकू टप वेळूच्या एका जाड काठीभोंवतीं गुंडाळतात, आणि गुंडाळतांना मध्यें जुनें सुती लुगडें घालतात, म्हणजे रेग्झिन रेग्झिनला चिकटत नाहीं. चेन असलेल्या पडद्यांवर मेणबत्तीचा तुकडा घांसावयाचा, कीं धूळ बसून ती अडकत नाहीं.

तिसरा नियम उंदरांचा. ज्या दिवसांत टप उतरतो, त्याच दिवसांत बाजरी घरांत येते, आणि बाजरीच्या मागोमाग उंदीर. माळ्यावर कोपऱ्यांत ठेवलेली मऊ गुंडाळी म्हणजे त्यांचें आयतें बाळंतघर. म्हणून ती गुंडाळी भिंतीपासून दूर, आढ्याला दोन दोऱ्यांनीं आडवी टांगलेली असते. पाहुणे तिला पाळणा समजतात. दर अमावास्येच्या साफसफाईंत काकू ती एकदां हात लावून पाहतात. दमट लागली तर अंगणांत येते. या पद्धतीनें वापरलेला कॅन्व्हासचा पहिला टप त्या घरीं अकरा पावसाळे टिकला.

आतां, दोन माणसांचें हें काम यंत्राकडे सोंपविण्याचा विचार जगांत फार पूर्वींच झाला. दातांचें काम करणाऱ्या जॉर्ज पोलँ या फ्रेंच गृहस्थानें टणक पत्र्याचा टप मागच्या पेटींत आपोआप जाऊन बसेल अशी युक्ति काढली, आणि १९३४ सालीं प्यूजो कंपनीनें तशी मोटार बाजारांत आणली. आज महागड्या मोटारींत कळ दाबली, कीं काहीं सेकंदांत छप्पर मिटतें. आपल्याकडे २०२० सालीं नव्या रूपानें आलेल्या 'थार'बरोबर घडीचा टप आणि कायमचा टणक टप अशी दोन्ही सोय ग्राहकांपुढें ठेवण्यांत आली. आणि आमच्या परिचितांपैकीं बहुतेकांनीं टणक टपच पसंत केला. त्यांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. टणक टपाला कुलूप लागतें, आंत थंड हवेचें यंत्र चालतें, आणि उंदीर त्याला खात नाहीं.

हाच प्रश्न गेल्या दिवाळींत काकांच्या ओसरीवर निघाला. काकांना शहात्तरावें वर्ष लागलें आहे. उजवा खांदा धरला आहे. हात कानाच्या वर जात नाहीं. टप उतरवितांना ते दोनदां खालीं बसले, हें सर्वांनीं पाहिलें होतें. पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या चुलतबंधूंनीं विषय काढला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते; ती मुदत जवळ आलीच होती. तेव्हां एक तर जीप विकून टाकावी, नाहीं तर तिच्यावर पत्र्याचा कायमचा टप बसवून घ्यावा, म्हणजे या वयांत हा व्याप नको. त्यांच्या बोलण्यांत बापाविषयींची काळजी होती, आणि ती खरी होती. जीप विकण्यास काका तयार नव्हते. चार वस्त्यांचा दिवा अंगणांत येतो तो त्यांना विझवावयाचा नव्हता. पण पत्र्याला ते हळूहळू कबूल होत चालले होते. खांदा दुखत होता, आणि मुलाचें ऐकावें असेंहि वाटत होतें.

काकू आंतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहसा अशा बोलण्यांत पडत नाहींत. कपबशा खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "पत्रा बसवा. पण मग मला कोण विचारणार?"

"काय विचारणार?" काका म्हणाले.

"तिकडून बरोबर आहे का, म्हणून. वर्षांतून दोन वेळां तुम्ही विचारतां, आणि मी हो म्हटल्याशिवाय पट्टा ओढत नाहीं. विहीर खणली तेव्हां विचारलं नव्हतं. खालची पट्टी विकली तेव्हांहि नाहीं."

हें त्या रागानें बोलल्या नाहींत. ज्या सुरांत 'साखर कमी पडली का' असें विचारतात, त्याच सुरांत बोलल्या. पण ओसरीवर बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्ही ज्यांना एक गृहकृत्य समजत होतों, त्या कामांत एका बाईचा चाळीस वर्षांचा हिशेब लपलेला होता. त्या घरांत काकांचा शब्द अखेरचा. बियाणें कोणतें, बैल कोणता, मुलगी कोठें द्यावयाची, हें सर्व त्यांनीं ठरविलें, आणि प्रामाणिकपणें, घराचें बरें पाहूनच ठरविलें. काकूंनींहि कधीं तक्रार केली नाहीं. परंतु टपाचें कापड असें आहे, कीं एका बाजूनें ओढणाऱ्याचा शब्द तें मानीत नाहीं. तेथें दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसास विचारल्यावांचून गत्यंतर नसतें, आणि त्याचें उत्तर ऐकूनच पुढें जावें लागतें. पत्र्याच्या टपाला हा प्रश्न पडत नाहीं. तो एकदां बसविला कीं कोणाच्याहि होकाराची वाट पाहत नाहीं. त्याचा हा सोयीस्करपणा त्या ओसरीवर कोणाला तरी महाग पडणार होता, आणि तें आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

काका शेवटीं एवढेंच म्हणाले, "खांद्याचं काय करायचं मग?" हा प्रश्न त्यांनीं मुलाकडे पाहून केला नाहीं, काकूंकडे पाहून केला.

त्यावर व्यवहारी उत्तर निघालें, आणि तें काकूंनींच दिलें. नवा टप एकाच अखंड कापडाचा न करतां तीन तुकड्यांचा करावा: माथा, मागचा पडदा, आणि बाजू. म्हणजे एका वेळीं उचलावयाचा भार कमी होतो. बाजूचे पट्टे लांब करून बकलें खालीं घ्यावींत, म्हणजे आवळण्यासाठीं हात खांद्याच्या वर न्यावा लागणार नाहीं. कमानी शेजारच्या वस्तीवरच्या मुलानें उभ्या कराव्या. उन्हाळ्यांत जीप नगरास नेली. तेथें टप शिवणाऱ्या एका कारागिरानें मापें घेतलीं आणि बकलें एवढीं खालीं कशाला, म्हणून दोनदां विचारलें. शिवणीस त्यानें पॉलिएस्टरचा दोरा वापरला, कारण तो सुती दोऱ्यासारखा कुजत नाहीं. जुना टप कडब्याच्या गंजीवर गेला. नोंदणीचे कागद चुलतबंधूंनीं स्वतः खेटे घालून पुरे करून आणले.

यंदां मृगाच्या आधीं आम्ही मुद्दाम गेलों होतों. नवें कापड कडक होतें आणि भोंकें नवीं असल्यामुळें बकलें जड जात होतीं. कमानी मुलानें चढविल्या. तो पट्टाहि ओढूं लागला, तेव्हां काकांनीं त्यास थांबविलें. मग नेहमींचें संभाषण झालें. या खेपेस जरा लांबलें, कारण मापांत डावीकडे किंचित् अधिक कापड आलें होतें आणि काकू कांहीं केल्या 'हो' म्हणत नव्हत्या. काकांनीं तीन वेळां पट्टे सैल केले. चौथ्या वेळीं तें जमलें.

ज्या वाचकांकडे उघडी गाडी असेल, त्यांना आमची सूचना एवढीच, कीं टप चांगला घ्यावा, सावलींत वाळवावा, गुंडाळून आढ्याला टांगावा, आणि बटणांचा डबा एकाच जागीं ठेवावा. शक्य असेल तर तो दोघांनीं मिळून चढवावा, आणि पट्टा ओढण्यापूर्वीं पलीकडच्या माणसास विचारून घ्यावें.